खळ थुंकणारी कोळीण

डेव्हेंटर, ९ मार्च

प्रिय गेझिना,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे ग्रोनिंगेनचा मनोरा आणि मागे दोनच वाक्यं: "सही करणार नाही. काढू देत." येत्या एक मेला बाबांच्या थडग्याच्या जागेच्या कराराची तीस वर्षं भरतायत. जागेच्या कागदावर थोरली म्हणून नाव तुझं एकटीचं. तू सही केली नाहीस तर दगड उचलतील आणि जागा दुसऱ्या कुणाला देतील. भावाची सही चालेल का, म्हणून मी नगरपालिकेत विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सख्खे असाल हो, पण कागदावर नाही ना." तेव्हा सगळं तुझ्याच हातात आहे. कार्ड मी कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलंय. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी नजर तिकडेच जाते.

राग तुझ्या त्या कोळिणीच्या वहीचा आहे हे मला ठाऊक आहे. त्याला साठ वर्षं झाली, आणि घर सोडल्यापासून तू इथे आलीस ती फक्त आई-बाबांच्या अंत्यविधींना, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत. म्हणून वहीपासूनच सुरुवात करतो. एक कप भरून घे आणि सावकाश वाच.

आपली मागची खोली आठवते ना? बाबांच्या धंद्यातल्या, भिंतींना लावायच्या कागदांच्या गुंडाळ्या, लाकडी फळी, आणि कोपऱ्यात पिठाच्या खळीची बादली. त्या खळीपायी चंदेरी कसर यायची आणि कसरीच्या मागावर ती खळ थुंकणारी कोळीण यायची. तू सोळाची, मोठ्या शाळेत जाणारी. मी चौदाचा, शाळा सोडून बाबांच्या हाताखाली लागलेला. हिवाळ्यात पाचलाच अंधार पडायचा. वाटाण्याचं सूप घशाखाली गेलं की तू बॅटरीला चॉकलेटचा तांबडा कागद गुंडाळायचीस आणि मला धरायला लावायचीस. "हलू नकोस, डेर्क. तुझा श्वाससुद्धा वारा आहे तिला."

काय तिचं रूप! भाताच्या दाण्याहून लहान, पिवळट अंगावर काळे ठिपके, आणि डोक्याकडचा भाग पोटाएवढाच फुगलेला, जणू पाठीवर गाठोडं घेऊन निघालेली म्हातारी. जाळं विणून वाट बघणाऱ्यांतली ती नव्हे. एक पाय उचलायची, थांबायची, मग दुसरा. पुढचे लांब पाय आंधळ्याच्या काठीसारखे चाचपत. कसर बोटाच्या पेराएवढी जवळ आली की एकदम स्तब्ध. मग अंगाला एक झटका, बस्स. थुंकी उडालेली दिसायचीच नाही. दिसायची फक्त जागच्या जागी खिळलेली कसर, आणि तिच्या अंगावरून गेलेले दोन नागमोडी धागे, कुणी घाईघाईत टाके घालावेत तसे. मग ही बाई सावकाश जाणार, एक चावा घेणार, जरा थांबणार, तिला गुंडाळणार आणि मग जेवणार. तू वहीत लिहिलंस, "पापणी लवायच्या आत." परवा वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं की त्या गाठोड्यात विषही असतं आणि चीकही, आणि तो चीक सुटला की आवळत जातो. तुझा अंदाज बरोबर होता. डोळे सहाच आहेत हेही तू मोजलंस. तुझ्या शाळेतले मास्तर म्हणाले, कोळ्याला आठ असतात. तू म्हणालीस, "मग येऊन मोजा, मास्तर." आणि ते खरंच भिंग घेऊन आले! मोजल्यावर त्यांनी तुझी वही मागितली, लायडनला त्यांच्या ओळखीच्या प्राध्यापकांना दाखवायला. चौसष्टच्या उन्हाळ्यात पाठवू म्हणाले.

बाबा तुझी थट्टा करायचे, पण कोळिणीला त्यांनी कधी झाडू लावू दिला नाही. "आपल्याच धंद्यातली आहे. फरक एवढाच, हिच्या खळीत गुठळ्या होत नाहीत, आमच्या डेर्कसारख्या." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सगळ्यांत मोठ्या कोळिणीनं अंडी घातली. चार धाग्यांत कशीबशी बांधलेली ती पुरचुंडी तोंडात धरून हिंडायची आणि समोरून कसर गेली तरी ढुंकून बघायची नाही. तोंड अडकलेलं, थुंकणार कशी? आई भांडी घासता घासता म्हणाली, "आता तरी कळलं का, आई जेवायला शेवटी का बसते ते?"

मग चौसष्टचा एप्रिल. आईची वर्षाची साफसफाई निघाली, गाद्यांपासून चमच्यांपर्यंत सगळं अंगणात. त्याच आठवड्यात मागच्या खोलीला नवा कागद लावायचं ठरलं. संध्याकाळी तू शाळेतून आलीस, वही शोधलीस, आणि बाबा म्हणाले, "रद्दीबरोबर चुलीत गेली असेल. माझीच चूक." तू रडली नाहीस. ताट बाजूला सारलंस आणि तीन वर्षांनी घर सोडलंस. लायडनची वाट तिथेच बुजली. पुढे जन्मभर तू मुलांना गणित शिकवलंस, आणि चांगलं शिकवलंस असं ऐकतो, पण कोळ्याचं नाव काढलं नाहीस.

वही चुलीत गेली नव्हती, गेझिना. नव्या कागदाखाली आम्ही अस्तर म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवायचो. त्या दिवशी बाबा अंगणात आईला कपाट उचलू लागत होते आणि माझी वर्तमानपत्रं संपली. फळीवर वही होती. कोणाची ते मला माहीत होतं. ती भरलेली आहे हेही माहीत होतं. मी पानं सुटी केली, खळ लावली आणि भिंतीवर बसवली, एकही गुठळी न होऊ देता. त्या क्षणी काय वाटलं ते लपवत नाही: माझी शाळा गेली, आता हिलाही काही नाही. बाबा आत आले. एक पान सोलायला गेले तर हातात चिंधी आली. मला म्हणाले, "जा, आईला मदत कर." पुढचा सगळा कागद त्यांनी एकट्यानं लावला. त्यांनी तुला खोटं सांगितलं तेव्हा मी सूप पीत होतो. पुढे एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "बापावरचा राग माणूस पचवतो. भावावरचा पचत नाही." तुझ्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला, आणि ते मला दर वर्षी दिसत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी वाफेची किटली घेऊन मागच्या खोलीत शिरलो. वर कागदाचे पाच थर चढले होते. गुडघे बोंबलत होते, तरी चार दिवसांत खाली पोहोचलो. तू पेन्सिलनं लिहायचीस म्हणून अक्षर टिकलंय, पाणी लागूनही. आठ पानं अख्खी निघाली, उरलेली तुकड्यातुकड्यांत. सगळी पाकिटात घातली आहेत. आणि एक गोष्ट मलाही माहीत नव्हती. कागद झाकण्याआधी उघड्या भिंतीवर आपलं नाव आणि तारीख टाकायची आमच्या धंद्यात रीत आहे. पानांच्या कडेला, गिलाव्यावर, बाबांचं अक्षर आहे. त्यांचं नाव नाही. लिहिलंय: "ही गेझिनाची वही. जो कागद काढेल त्याने जपून सोडवावी आणि तिला द्यावी. एप्रिल १९६४." तेवढी भिंत मी तशीच ठेवली आहे. नगरपालिकेचा कागद पाकिटात तळाशी आहे. तू सही कर असं मी सांगणार नाही, तो अधिकार मी त्या संध्याकाळीच घालवला. एवढंच मागतो, की सही करायची नसेल तर ती त्यांच्यावरच्या रागानं नको. तो राग माझ्या नावावर कर. मी इथेच आहे, आणि दार उघडायला मला जरा वेळ लागतो, तेव्हा बेल वाजवून लगेच परत फिरू नकोस.

हे सगळं वाचूनही ठेवलास तर तुझाच,
डेर्क