राखणदार डाव्या हाताला

केरी, पेडणे
मंगळवार

तीर्थस्वरूप बाबुरावदादांस,

शिवदासचा साष्टांग नमस्कार. पत्राचं कारण मागाहून येईल, आधी माझ्या हातची कामं ऐका: फणसाच्या लाकडाची होडी एक (गळत नाही), चिऱ्याचे बांक दोन, माडाच्या ओंडक्याचा साकव एक, आणि आमच्या नदीच्या मुखाशी जे जुवें आहे, म्हणजे शाळेच्या भाषेत बेट, त्याच्या समुद्राकडच्या अंगाने चालायची वाट, बाराशे साठ पावलं, माझी पावलं. वाटेवर त्रेचाळीस दगड आणि प्रत्येकावर पिवळा बाण. सुतार, गवंडी, रंगारी, सगळं मीच. शिकवलं कोणी नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? शांतावहिनींचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो.

वाट केली ती तुमच्या बहिणीसाठी. डॉक्टरांनी यशोदेला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, आणि केरीच्या रस्त्यावर भाड्याच्या स्कुटरी माणसाला गटाराच्या काठानेसुद्धा चालू देत नाहीत. रोज सकाळी मी वल्हवत नेणार आणि ती चालणार, असा बेत. (अर्धंच बेट घेतलं, कारण पलीकडे नुसता चिखल, चिखलात बाण उभा राहत नाही, करून पाहिला.) बाण कुठल्या दिशेने काढायचे यासाठी सोळा दिवस भरती-ओहोटी वहीत उतरवली. उत्तरेचा सखल तुकडा ओहोटीतच आधी ओलांडावा, हे शास्त्र. त्याप्रमाणे काढले. राहिलं एवढंच, की वाटेच्या मधोमध बेटाचा राखणदार देव बसलाय, आणि माझ्या बाणांनी चाललं की तो डाव्या हाताला येतो. मला दिसलं नव्हतं असं नाही. मोजमापात धरलं नव्हतं.

पाडव्याला पहिली चाल ठेवली. पहिल्या खेपेत आठ पुरुष उत्तरेला उतरवले. दुसऱ्या खेपेत नऊ बायका, आणि यशोदा होडीतच म्हणाली, "देवाक डाव्या हाताक घेवन मी पाऊल टाकूचंय नाय. होडी त्या टोकाक लावा." मी शास्त्र सांगितलं. आमची शेजारीण सोनाली म्हणाली, "शिवदासदादा, भरती तुमका विचारून येता काय?" नऊ बायका बसलेल्या असताना वाद घालणं होडीला परवडत नाही. लावली त्या टोकाला.

राखणदारापाशी वाट एका माणसापुरती आहे (बावीस इंच). तिथे आठ बाणाबरोबर आणि नऊ बाणाविरुद्ध समोरासमोर आले. पुरुष म्हणाले, शुभकार्याला निघून मागे फिरायचं नसतं. बायका म्हणाल्या, आम्ही तरी कुठे फिरतोय. मी होडी बांधून धावत गेलो आणि दोन्ही बाजूंना नियम समजावत होतो, तेवढ्यात बारा वाजून दहा मिनिटांनी सखल तुकडा बुडाला, अगदी मी वाटेच्या तोंडाशी लावलेल्या भरतीच्या फलकावर लिहिल्याप्रमाणे. पाठोपाठ दुसरं टोकही. होडी वाहून गेली (गाठ माझी होती, दोर बाजारचा).

अठरा माणसं तीन तास राखणदाराच्या चौथऱ्यावर. यशोदेने त्याच्यासाठी आणलेला रोट आणि केळी त्यालाच विचारून सगळ्यांनी खाल्ली. बायकांनी फुगड्या घातल्या. एवढी मजा कुठल्या सहलीत आली नव्हती, असं गावभर चाललंय. मी समोर आलो की मात्र फक्त किती वाजले ते विचारतात. होडी दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला सापडली. गळत नाही.

तेव्हापासून यशोदा रोज सकाळी चपला घालून सोप्यावर बसते आणि विचारते, "बाण फिरयलात?" मी नाही म्हणतो. ती चपला काढते.

बाकी सगळं ठीक.

आपला,
शिवदास

ता. क. १: येत्या रविवारी तुमच्या पाळी गावाहून इकडे जेवायला या, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं करतोय. जेवणानंतर चारचौघांत म्हणा, "शिवदास, ते बाण फिरव बघू." मी नाही म्हणेन. पुन्हा म्हणा. मी भरतीची वही दाखवेन. ती पाहून मान डोलवा, पण तिसऱ्यांदा म्हणाच. वडीलधाऱ्याचा शब्द मी तिसऱ्यांदा मोडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (दीड तास आधी निघालं की उलट्या दिशेनेही वाट कोरडी मिळते. मोजलंय. ते विचारू नका.) रंग आणलाय, ब्रश भिजत घातलेत.

ता. क. २: हरमलच्या एका हॉटेलवाल्याला दर दगडावर आपलं नाव घालायचं होतं. अट एकच, त्याचे पाहुणे उत्तरेला उतरतात म्हणून बाण आहेत तसेच ठेवायचे. मी नाही म्हणून आलो. यशोदेला आकडा सांगू नका: एक लाख ऐंशी हजार.