गल्ल्यामागची खुर्ची

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. समोर असतात तर चहाचा कप पुढे सरकवून म्हणाला असतात, "पहिले हे घे, मंग भांड." म्हणून कागदावर भांडते.

काल आमच्या हॉटेलात हैदराबादहून एक ट्रेनर आले होते. आमचं हॉटेल म्हणजे हायवेवरचं, लिफ्टवालं; तुम्ही ते पाहिलं नाही. इथला डायनिंग हॉल माझ्याकडे आहे, आणि आता मालक मला सगळ्या हॉटेलची मॅनेजर करायचं म्हणतात. उद्या सकाळी उत्तर द्यायचं आहे. ट्रेनरनी आम्हा सगळ्यांना, भांडी घासणाऱ्या बायकांनाही, गोल बसवलं आणि विचारलं, तुम्हाला कामात समाधान कशात मिळतं, पुढे काय व्हायचं आहे? वेटर एकमेकांकडे बघून हसले. माझी पाळी आली तेव्हा मी तुमची गोष्ट सांगितली.

आदिलाबादच्या बस स्टँडसमोरचं ते हॉटेल मला अजून दिसतं. सकाळची वेळ आहे, बोथ गावाकडची बस नुकतीच रिकामी झाली आहे, आणि तुम्ही टेबलांमधून फिरताय. कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याशी आपल्या मराठीत, कचेरीतल्या बाबूंशी तेलुगूत, नागपूरच्या ड्रायव्हरशी हिंदीत. ऑर्डर घ्यायची आणि उभ्या जागेवरूनच भटारखान्याकडे हाक टाकायची. आतला आचारी म्हणायचा, तुमच्या हाकेवरून कळतं गिऱ्हाईक किती भुकेलं आहे ते.

मग हॉटेलच्या शेठनी तुम्हाला गल्ल्यावर बसवलं. आपल्या घरात केवढी मोठी गोष्ट होती ती! मायनं गल्लीत साखर वाटली, तुम्हाला पांढरा शर्ट शिवून घेतला. मी शाळेत सांगून टाकलं की माझे बाबा आता बसून काम करतात. आणि तुम्ही काय केलंत? दारात गिऱ्हाईक दिसलं की उठायचा. कुणी "पाणी" म्हटलं की गल्ला उघडा टाकून जग घेऊन धावायचा. पैसे द्यायला माणसं ताटकळत उभी, आणि गल्ल्यावरचा माणूस कुणाच्या तरी टेबलावर फडकं मारतोय. शेठ आधी हसले, मग चिडले. आठवडा संपायच्या आत तुम्ही आपण होऊन पुन्हा वेटरचं फडकं खांद्यावर टाकलंत.

त्या दिवशी माय चुलीपुढे भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"लोक वर चढून राह्यले अन् तुमी खाली उतरून राह्यले. काऊन?"

तुम्ही मोरीत पाय धूत होता. म्हणालात, "तिथं बसलं का मले मानूस दिसतच नाई. नुसते हात दिसते."

"मंग पाहा ना हात! पोरीचं लगन कराचं हाय आपल्याले."

मायनं तव्यावरची भाकरी करपू दिली आणि तीच तुम्हाला वाढली. तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत.

तुम्हाला तुमचं समाधान मिळालं, बाबा. पण घरातल्या तिघांत ते एकट्या तुमच्याच ताटात पडलं. पुढे तुमच्या पिंडऱ्यांवरच्या शिरा गाठी येऊन निळ्या पडल्या, तरी तुम्ही उभेच. मायनं तुमच्या कामाचं पुन्हा नाव काढलं नाही. रोज पायांना तेल चोळायची, तेही न बोलता. तुम्ही गेलात तेव्हा स्टँडवरचे हमाल, कंडक्टर, कुठकुठली माणसं आली. जो तो मला सांगत होता, तुझ्या बापानं कधी अर्धपोटी उठू दिलं नाही. मला अभिमान वाटला, आणि रागही आला. तेल चोळणारी माय त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.

काल मी यातलं निम्मंच सांगितलं. करपलेली भाकरी गाळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ट्रेनर म्हणाले, "म्हणजे सेवा तुमच्या रक्तातच आहे, मॅडम." मालकांनीही मान डोलावली. मी हसले, आणि तेव्हापासून ते हसू मला खोटं वाटतंय.

कारण मला वाढायला आवडत नाही, बाबा. कधीच आवडलं नाही. हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. गिऱ्हाईक आत आलं की मला त्याची भूक दिसत नाही. कोणतं टेबल अडून राहिलंय, कोण अंग चोरतोय, उद्या कुणाला कुठे लावायचं, ते दिसतं. ती सगळी घडी नीट बसली आणि माणसांनी माझं ऐकलं की माझा दिवस चांगला जातो. तुम्हाला जी खुर्ची टोचली ती मला मनापासून हवी आहे. उद्या मी हो म्हणणार आहे.

मालक आता चारचौघांत सांगतील, पोरगी अगदी बापावर गेली आहे. ते खरं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी त्यांना थांबवणार नाही. ऐकायला फार बरं वाटतं, बाबा.