ढोकीच्या गाडीची पाटी

उस्मानाबाद. भाद्रपद, गुरुवार, दिवेलागण झाल्यावर.

हिशेब लिहायला घेतला, पण मन लागेना. ती पाटीच डोळ्यांपुढं येते.

शेजारच्या रबियाबींची लेक ढोकीला बाळंतपणात अडलीय, असा सकाळी निरोप आला. त्यांना अक्षरओळख नाही अन् माझा सोवळ्यातला स्वयंपाक चालला होता, म्हणून गाडीची पाटी वाचायला सुशीला त्यांच्याबरोबर धाडलं. माझी पोर रोज पोथीचा अध्याय घडाघडा म्हणते, गल्लीतल्या बायका ऐकायला येतात. तिला एक पाटी कितीशी अवघड?

तिनं त्यांना बेंबळीच्या गाडीत बसवलं! कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा कळलं. उतरून उन्हात चालत परत येईपर्यंत ढोकीची गाडी गेलेली. आता उद्या सकाळीच.

रबियाबी ओसरीवर टेकून म्हणाल्या, "वहिनी, पोरीला मारू नका. पर एवढी मोठी पोथी वाचती, अन् पाटी कशी वाचता येईना तिला?"

तिकडं लेकीचं काय झालं असेल, देव जाणे.

संध्याकाळी सुशी नेहमीसारखी पोथी घेऊन बसली. मी म्हटलं, चाल लावू नकोस, मधलीच ही ओळ वाच. तिला एक शब्द लागेना. इतके दिवस ती थांबली की पुढचा शब्द मीच सांगत आले. पुण्य लागतं एवढंच शिकवलं. वाचायचं कशासाठी, हे कधी सांगितलंच नाही. बायका कौतुक करायच्या अन् मलाच गोड वाटायचं.

"वाच ना गं," मी म्हटलं.

तिची नजर पानावर नव्हतीच. ती माझ्या ओठांकडं बघत होती.