निळ्या चित्राचा डावा कोपरा

३ मार्च, मंगळवार

वहिनीचा फोन. पुढच्या बुधवारी येते म्हणाली, चार दिवस राहायला. "आणि ठकू, माझं चित्र बघायचंय गं. किती वर्षं झाली!"

मी म्हटलं, "ये ना, ये ना!" आवाज इतका गोड निघाला की माझा मलाच संशय आला.

चित्र कपाटामागे आहे. चौदा वर्षं.

४ मार्च, बुधवार

ह्यांनी आणि मी मिळून कपाट सरकवलं. चित्र जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. चादर सोडली. खालचा डावा कोपरा पार गेलाय. भिंतीची ओल! वीतभर रंगाचे पोपडे सुटलेत, मागून कॅनव्हासला बुरशी.

बाकीचं जसंच्या तसं. सगळीकडे गडद निळा रंग, त्यात विटकरी अर्धवर्तुळ, आणि मोहरीच्या रंगाचा त्रिकोण एका टोकावर उभा — पडेल पडेल म्हणता न पडणारा. हे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "वाईट नव्हतं की गं हे."

चौदा वर्षांनी सुचलं!

५ मार्च, गुरुवार

दुकानात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो म्हणतो, "बाई, सगळं गोल गोल दिसतंय." मालक बघत होते.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. दादाच्या लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. वहिनीला नणंद मिळाली नाही, आयतं मूलच मिळालं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. दिवसभर ती घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात नकाशे गिरवायची. संध्याकाळी आमची जेवणं आटोपली की जेवायचं टेबल पुसून त्यावर कॅनव्हास पसरायची. गुण्या, कंपास, ब्रश. चौकोन, त्रिकोण, अर्धी वर्तुळं. मी विचारायची, "हे काय आहे?" ती म्हणायची, "काय असायला हवं?"

कडेला चिकटपट्टी लावून रंग भरला की रेघ सरळ येते. तिनं कधी लावली नाही. "पट्टीची रेघ मेलेली असते." हातानंच रेघ ओढायची, आणि तेवढा वेळ आम्ही दोघींनी श्वास धरायचा. रेघ संपली की एकदम सोडायचा. मला हसू यायचं. तिला नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

हे घर घेतलं तेव्हा वहिनीनं ते चित्र दिलं. स्वतः पोचवायला आली. चार फूट बाय तीन. दिवाणखान्यात सोफ्यावर लावलं, कारण ती समोर उभी होती. सात-आठ महिने राहिलंही. मग ह्यांचे साहेब बायकोसह जेवायला आले. बाईंनी चित्राकडे पाहिलं, मान वाकडी केली. "उलटं तर नाही ना टांगलं?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. वर म्हणाले, "आमच्या वहिनीचा छंद हो. दिलं, मग टाकता थोडंच येतं!"

टाकता थोडंच येतं. हे मी म्हणाले, जिनं माझ्या वेण्या घातल्या तिच्याबद्दल. दुसऱ्या दिवशी चित्र उतरवलं. सोफ्यावर आरसा लावला. आधी चित्र आतल्या बोळात, मग झोपायच्या खोलीत जमिनीवर, मग कपाटामागे. वहिनी मधून मधून फोनवर विचारायची, "चित्र बरंय ना?" जसं काही पोरगं ठेवलंय माझ्याकडे. मी म्हणायची, "मजेत आहे."

८ मार्च, रविवार

नाक्यावरच्या पेंटरला घरी आणलं. दुकानांच्या पाट्या रंगवतो. म्हातारा आहे, बडबड्या, पण हात स्थिर. कोपरा बघून चुकचुकला. "कुठं ठेवलं होतं हो?" मी खुर्ची पुढे केली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. शहाणा आहे.

ब्रश काढायच्या आधी चित्राजवळ नाक नेऊन बसला. "बाई, ही रेघ हातानं ओढलीय. एका दमात. मी चाळीस वर्षं पाट्या करतोय, मला नाही जमायची." म्हटलं, तुम्हाला जमेल तशी ओढा. तो म्हणाला, "मी आपला पट्टी लावणार."

१० मार्च, मंगळवार

झालं. लांबून कळत नाही. आरसा काढला, चित्र लावलं. नवाकोरा खिळा चमकत होता, म्हणून ह्यांनी त्याला काळं बूट पॉलिश फासलं. खरं तर आमच्या दोघांच्या तोंडाला फासायला हवं होतं.

११ मार्च, बुधवार

आली. किती वाळलीय! पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला काढायच्या आधी दिवाणखान्यात. चित्रासमोर उभी राहिली. मी मागे. पिशवी अजून हातातच.

मग म्हणाली, "इथंच असतं?"

"इथंच."

"ऊन कधी येतं?"

"चारनंतर," मी म्हटलं. मला काय माहीत!

१२ मार्च, गुरुवार

दुपारी चार वाजता खुर्ची ओढून चित्रासमोर बसली. ऊन आलं नाही. पलीकडे इमारत उभी राहिलीय. वहिनीनं खुर्ची परत जागेवर ठेवली.

१३ मार्च, शुक्रवार

आज दुकानातून आले तर चित्राजवळ उभी, चष्मा कपाळावर, बोट त्या कोपऱ्याशी. न टेकवता.

"ठकू, ही रेघ माझी नाही."

मी पर्स ठेवली. पाणी प्यायले. ती थांबली होती.

"फार सरळ आहे," म्हणाली.

मग म्हटलं, "भिंतीला ओल आली होती वहिनी. कोपरा खराब झाला. म्हणून पेंटरकडून करून घेतला."

"म्हणजे भिंतीवर होतं तेव्हा?"

आता सांगायचं होतं. आत्ता. एवढंच सांगायचं होतं की कपाटामागे होतं, मला लाज वाटली होती, चित्राची नाही गं, माणसांची. तोंड उघडलंसुद्धा.

"हो," म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. नऊ वर्षांची असताना ठेवायची तसा. मी भाजी चिरायला गेले आणि कांदा नसताना रडले.

१५ मार्च, रविवार

गेली. बस सुटेपर्यंत खिडकीतून हात हलवत होती. खूश होती. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

१८ मार्च, बुधवार

"हो." एका अक्षराचं खोटं. पण गिळलेल्या माशाच्या काट्यासारखं अडकलंय.

हे म्हणाले, "जाऊ दे ना, तिला बरं वाटलं." म्हटलं, मला नाही वाटलं. "मग जा आणि सांगून ये. नाहीतर मला जेवू दे."

जाते. रविवारी.

२२ मार्च, रविवार

बसमध्ये तीन तास मनात घोकत गेले. वहिनी, एक सांगायचंय. वहिनी, रागावू नकोस. वहिनी, रागाव.

दार दादानं उघडलं. ती औषधं आणायला गेली होती. घरात शिरले तर पुढच्या खोलीत भिंतीला टेकून चित्रं उभी. सहा. एकाच्या कॅनव्हासला भलंमोठं भोक. एकावर गरम इस्त्रीचा तपकिरी डाग. मी दादाकडे पाहिलं.

तो हळूच म्हणाला, "तुला नाही बोलली? सहा महिने तिचं हेच चाललंय. जिला जिला चित्र दिलं तिच्याकडे जायचं. चार दिवस राहायचं. बघायचं. मी म्हटलं, कशाला जीव जाळतेस? म्हणाली, आता डोळे आहेत तोवर बघून घेते." तो तिथेच खाली बसला. "तिच्या धाकट्या बहिणीनं इस्त्री करायला खाली घातलं होतं. भाचीनं पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून. चार तर सापडलीच नाहीत. कुणी भंगारात दिलं, कुणाला आठवतच नाही. जी मिळाली ती मागून आणली. कुणी नाही म्हटलं नाही बघ. लगेच दिली."

मग दादा हसला. "तुझ्याकडे सगळ्यांत शेवटी आली. घाबरत होती. म्हणायची, ठकूकडे नकोच जायला, तिच्याकडेही तसंच निघालं तर? तुझ्याकडून आली ती बदललीच गं! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते — भिंतीवर होतं, बिघडलं तर तिनं दुरुस्तसुद्धा करून घेतलं. पेंटर बोलावून!"

तेवढ्यात वहिनी आली. "अगं! फोन नाही, काही नाही. अशी अचानक?"

"अशीच."

"अशीच कुणी तीन तास बसमध्ये बसत नाही."

मी तिच्या हातातली औषधांची पिशवी घेतली. "तुझी आठवण आली," म्हटलं. हे तरी खरं होतं.

जेवले. निघाले. सांगितलं नाही. आता कधीच सांगता येणार नाही. चौदा वर्षं लपवलं ते चित्र होतं. आता जे लपवायचंय ते मरेपर्यंत.

२४ मार्च, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२९ मार्च, रविवार

वहिनीचा फोन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, वर्षभरात नजर जाईल. रडत नव्हती. म्हणाली, "ही सहाही तुझ्याकडेच पाठवते गं. मला दिसेनाशी झाली तरी कुठं आहेत ते मला पक्कं ठाऊक असेल."

फोन कानाशी धरूनच मी दिवाणखान्यातल्या भिंती बघून घेतल्या. मग विचारलं, "कधी पाठवतेस?"