स्वरालीचे जंत आणि माझ्या वाट्याची गोळी

६ जानेवारी
नातीला, आमच्या स्वरालीला, जंत झालेत. साधे नव्हेत, फितीसारखे. चार वर्षांची पोर, पण डॉक्टरीणबाईंना इंग्रजी कविता म्हणून दाखवली! बाई म्हणाल्या, हे जंत हातांवरून पसरतात, घरातल्या सगळ्यांनी गोळी घ्यायची. प्राझि-काहीतरी. नाव मालगाडीएवढं. मी म्हटलं, मला कशाला, मी कायम हात धुते. म्हणाल्या, आजी, हे जंतांना सांगून बघा.

७ जानेवारी
मुलगा रविराज, सून अक्षता, स्वराली, तिघांनी गोळी घेतली. माझी मिसरीच्या डबीत. अक्षताने विचारलं, आई, घेतली ना? घेतली म्हटलं. वावडिंगाचा काढा घेतला की. औषधच ते. या हातांनी अर्ध्या धायरीची पोरं जेववली, कुणाला काही झालं नाही. झालं असेल तर आयांनी सांगितलं नाही.

८ जानेवारी
स्वरालीला वरणभात भरवला. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. अक्षता म्हणते खाते. असेल.

१० फेब्रुवारी
पोरीचं पोट परत दुखतंय. परत तेच जंत. गोळीत दम नाही. आता सगळ्यांची टेस्ट.

१३ फेब्रुवारी
पोरीखेरीज फक्त माझ्यात निघाले. लॅबमध्ये डब्या बदलल्या असणार. रविराजला तसं सांगितलं. अक्षताने ओटा पुसताना मिसरीची डबी उचलली, आत खडखड झालं. मिसरी वाजत नाही. उघडून पाहिली, परत ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी
अक्षताने पोरीला परत गोळी दिली, मलाही नवी आणली. तिच्यासमोर घेतली, आ करून दाखवलं. कडूजहर. रिपोर्ट क्लीन आला की दोन्ही वेळा मीच भरवणार. तोवर अक्षता भरवणार म्हणे. वाळेल पोर.

१६ मार्च
क्लीन! रिपोर्ट देवापुढे ठेवला. नखं कापली, तीनदा साबण लावला, मऊ भात तूप घालून कालवला. हाक मारली. स्वराली पळत आली. माझ्या हाताकडे बघून थांबली. म्हणाली, आजी, तुझ्या हातात जंत आहेत, मला नको. मग अक्षताच्या मांडीवर बसून सगळं जेवली.
किती स्पष्ट बोलते आता. महिन्यात वजनही एक किलो वाढलंय म्हणे. चांगलंच आहे.
कालवलेला भात मीच खाल्ला.