सासूबाईंच्या डोळ्यांतला हाफपँटवाला

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून शिस्त. पहाटे उठायचं, फोनला हात लावायचा नाही, रोज चित्रातल्या चेहऱ्याचा एक चौकोन रंगवून संपवायचा. आज उठायला उशीर झाला, पण तो रविवारचा. तो धरायचा नाही.

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. हृदयाची झडप बदलायची आहे, २७ला ऑपरेशन. हा भुतांचा महिना, अख्ख्या हनोईत कोणी आपणहून पोट-छाती फाडून घेत नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे तारीख लगेच मिळाली. सासूबाई खूश. म्हणाल्या, भुतांनी माझ्यापासून जपून राहावं. मग मला म्हणाल्या, तुओंग, तेवढ्यात पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवायची माझी तसबीर करून टाक, मी स्वतः बघून जाईन. समोरच्या घरातल्या म्हातारीची मुलांनी ऐनवेळी ओळखपत्रावरून करून आणली. बिचारी पूर्वजांच्या रांगेत पोलिसांनी पकडून आणल्यासारखी बसलीय.

लगेच हो म्हणालो. हे काम करायला शहरात माझ्याइतका लायक माणूस नाही. फोटोवरून हुबेहूब रंगवणारे पुष्कळ आहेत. पण माझ्यामागे विचार आहे. स्टुडिओच्या भिंतीवर मॅनिफेस्टो लावलाय: फोटोत आहे ते सगळं. फोटोत नाही ते काही नाही.

जेवणानंतर अंगणात फोनवर फोटो काढला. उत्तम आला. सासूबाई फोटोत कधी हसत नाहीत, पण या वेळी हसू येता येता थांबल्यासारखा चेहरा आहे.

६ ऑगस्ट
हनुवटीवरचा मस आणि त्यावरचे केस पूर्ण. सासूबाई डोकावल्या. मस गाळता येईल का, असं विचारलं. मी मॅनिफेस्टोकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, राहू दे, तो तुझ्यापेक्षा जुना आहे घरात.

तत्त्वाला जागलो. बरं वाटलं.

९ ऑगस्ट
मोठा शोध. डोळे सुरू करायचे म्हणून फोटो कॉम्प्युटरवर झूम केला, तर डाव्या बुबुळात माणूस! हात वर करून उभा. अंगात बनियन, खाली हाफपँट, मध्ये पोट. मी आहे. उजव्या बुबुळातही मीच. मागे अंगण, दोरीवरचे कपडे, सगळं. तिळाएवढं, पण स्पष्ट.

आनंदाने जेवताना सांगितलं. झिएपच्या हातातून चमचा पडला. बायको शांत स्वभावाची आहे, चमचे पाडत नाही. म्हणाली, तू जिवंत आहेस ना? म्हटलं, दिसतोय की. म्हणाली, मग देव्हाऱ्यावर कसा जाशील? जिवंत माणूस मेलेल्यांच्या रांगेत ठेवतात का कुठे?

हे मला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. पण तो जुना विचार झाला. मी कंटेम्पररी आहे.

मग झिएपने तिच्या आजोबांच्या तसबिरीची आठवण दिली. मूळ फोटोत शेजारी धाकटी आत्या होती. ती जिवंत म्हणून फोटोवाल्याने तिला कापलं, पण आजोबांच्या खांद्यावरचा तिचा हात राहून गेला. हात आजही देव्हाऱ्यावर आहे. आत्या हायफाँगला आहे. झिएप म्हणाली, त्या हाताला तेव्हापासून कंप आहे.

विज्ञानाच्या दृष्टीने काही संबंध नाही. कोणता हात, ते फक्त विचारून घेतलं.

तसबिरीतलाच.

१० ऑगस्ट
झोप नीट झाली नाही. उकाडा.

आत्याला हायफाँगला फोन केला, सहज, चौकशीला. कंप म्हातारपणामुळेच ना, असं विचारलं. आत्या म्हणाली, डॉक्टरही तेच म्हणाला, पण डॉक्टर काय देव्हाऱ्यावर आहे का? आणि मग, तुझा आवाज असा का येतोय रे, असं विचारून तिने मलाच आल्याचा चहा घ्यायला सांगितलं.

आज कान केला. चित्रकार मंडळी कानाकडे फार दुर्लक्ष करतात. डोळे शेवटी.

१३ ऑगस्ट
छातीत डाव्या बाजूला जड. औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, गॅस. नाडी बघायला सांगितलं तर म्हणाली, चालू आहे. हे काय उत्तर झालं?

आज मान. मानेवर सुरकुत्या इतक्या आहेत की आठवडा जाईल. घाई करण्यात अर्थ नाही.

झिएप म्हणते, तो ठिपका आहे, ठिपकाच काढ. तिला समजावून सांगितलं, की तो ठिपका नाही, त्याला गुडघे आहेत. फोटोरिअलिझममध्ये ठिपका नावाची गोष्ट नसते. आणि समजा एकदा गाळायला लागलो, तर मस का ठेवला? सासूबाई मसाबद्दल जाब विचारतील. माझ्या पंधरा वर्षांच्या कामाला काय अर्थ राहील?

आणि समजा गाळलं नाही, तर सासूबाई जातील तेव्हा मी हाफपँटीवर त्यांच्याबरोबर वर. नातवंडं-पतवंडं उदबत्ती लावून मलाही वाकणार. निदान पँट तरी घालायची होती.

१८ ऑगस्ट, पौर्णिमा
अडचण झाली आहे. कॅनव्हासवर आता सगळं आहे, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. दार उघडलं की ते पांढरं माझ्याकडे बघतं. बघतं म्हणजे बघत नाही, तेच तर जास्त वाईट.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग ते भिंतीकडे काय बघत असेल, असं वाटायला लागलं. परत सरळ केलं. अंधार पडल्यावर त्या खोलीत जायचं नाही असं ठरवलं आहे. नैसर्गिक प्रकाशाशिवाय काम करणं चूक आहे. ब्रश आत राहिले होते, ते झिएपने आणून दिले.

आज भटक्या आत्म्यांसाठी दारात पेज ठेवली. मी एक वाटी जास्त ठेवली. झिएपने विचारलं कोणासाठी. म्हटलं, असू दे.

पाल चुकचुकली. मी ओरडलो, असं झिएपचं म्हणणं आहे. मी खाकरलो होतो.

२० ऑगस्ट
गॅलरीचा मालक बाक येऊन गेला. कॉम्प्युटरवरचं बुबुळ बघून उड्याच मारल्या त्याने. म्हणाला, तुओंगदादा, हेच तर आहे! सासूच्या डोळ्यात जावई! देव्हाऱ्यावर जाण्याआधी ऑक्टोबरच्या प्रदर्शनात मधोमध लावतो, पण त्या माणसासकट.

म्हटलं, हाच माझा पहिल्यापासूनचा हेतू होता.

तो गेल्यावर पांढरा रंग, काळा रंग, सगळ्यात बारीक ब्रश, भिंग, सगळं मांडलं. हात डोळ्यापर्यंत नेला. हात थरथरायला लागला. तोच हात! आत्याचा! मग कळलं की सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खाली जाऊन नूडल्सचं गरम फो खाल्लं. नंतर वेळ गेली होती.

उद्या नक्की.

२२ ऑगस्ट
सासूबाई स्टुडिओत येऊन बसल्या. झिएप बाजारात गेली होती. बराच वेळ पांढऱ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, आई, तेलरंग वाळायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, मला भीती वाटते रे. झिएपला सांगू नकोस, ती रडेल. भूल दिली की माणूस कुठे जातो कोण जाणे. तसबीर एकदा बघितली ना, की मला वाटेल, काही झालंच तर घरात माझी जागा ठरलेली आहे, मी हरवणार नाही.

सासूबाईंना भीती वाटते! नवरा गेल्यावर एकटीने दुकान चालवलेली बाई. माझी चित्रं कोणी घेत नव्हतं तेव्हा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून, हे माझ्या जावयाने केलंय, हात लावून बघू नका, असं सांगायच्या. मला तेव्हा लाज वाटायची.

त्यांचा हात धरायला हवा होता. त्याऐवजी मी रंगात घालायचं जवसाचं तेल आणि अक्रोडाचं तेल यांतला फरक सांगितला. बराच तपशिलात. त्या ऐकत राहिल्या.

२४ ऑगस्ट
झालं! डोळे पूर्ण!

शेवटी निर्णय कलात्मक पातळीवरच घेतला. हाफपँटवाला रचनेत बसत नव्हता. त्याच्यामुळे बुबुळाचा समतोल ढळत होता. तो काढला. अंगण ठेवलं, दोरीवरचे कपडे ठेवले, आकाश ठेवलं. माणूस उभा होता तिथे फरशी पुढे चालू ठेवली. फोटोत ती फरशी नाही, पण असणारच ना तिथे. मॅनिफेस्टोत तशी दुरुस्ती केली आहे.

बाकला फोन केला. म्हणाला, मग राहू दे, मग नुसती म्हातारी आहे. त्याला दृष्टी नाही.

छातीतला जडपणा गेला. भात तीनदा घेतला. कोणालाही घाबरलो नव्हतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

२५ ऑगस्ट
चित्र दाखवलं. झिएप रडली, आई अगदी बोलेल असं वाटतं म्हणाली. मस, केस, सुरकुत्या, कानाची भोकं, कशातही कोणी चूक काढू शकणार नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढून बघितलं. म्हणाल्या, छान आहे, मीच आहे. पण मी बघतेय कोणाकडे?

म्हटलं, समोर.

म्हणाल्या, समोर कोण आहे? फोटो काढलास तेव्हा तू होतास. पोट आत ओढून, एक डोळा मिटून, गंभीर तोंड करून उभा होतास, मला हसू आवरत नव्हतं. मी तुझ्याकडे बघत होते. ही बाई रिकाम्या अंगणाकडे बघून हसतेय. ही एकटी आहे.

झिएप म्हणाली, आई, त्याला भीती वाटली, जिवंत माणूस देव्हाऱ्यावर नको म्हणून. मी म्हटलं, भीतीचा प्रश्न नाही, समतोलाचा आहे. सासूबाई म्हणाल्या, बरोबर आहे, जिवंत माणसाने वर जाऊ नये. मी कुठे म्हटलं ठेव म्हणून? आणि त्यांनी स्वतःच चित्र लाल कापडाने झाकलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ ऑगस्ट
पहाटे उठलो. खरोखर पहाटे. ठरवलं की परत घालायचा. वर जायचं तर जाऊ. लाल कापड बाजूला केलं, ब्रश घेतला, रंग घेतला. रंग ओला आहे, त्यावर इतकं बारीक काम केलं तर सगळा डोळा मिसळून जाईल. तांत्रिक अडचण आहे. कोणीही चित्रकार हेच सांगेल.

दुपारी सासूबाई हॉस्पिटलला गेल्या. टॅक्सीत बसताना माझ्याकडे बघितलं. मी बॅग डिकीत ठेवत होतो. बॅग लहान होती, पण नीट ठेवावी लागते.

२७ ऑगस्ट
ऑपरेशनचा दिवस. आत गर्दी करू नये म्हणून मी हॉस्पिटलसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. तिथून खिडक्या दिसतात. कोणती खिडकी ते माहीत नाही. चहावाली म्हणाली, आत तुमचं कोणी आहे का? म्हटलं, सासू. म्हणाली, मग इथे का बसलात? म्हटलं, प्रकाश बघतोय. तिने चहा ओतला.

झिएपचा दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा उचलला. झडप बसली. ठीक आहेत.

खूप चहा प्यायलो. उठता येईना.

२९ ऑगस्ट
आज भेटायला सोडलं. वॉर्डमध्ये आठ बायका, आठ जणींचे नातेवाईक, खालच्या फरशीवर चटया, डबे. सासूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. चेहरा एवढासा झालाय. मी सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग शेजारच्या बाईच्या डब्याकडे. बसायला जागा नाही, असं म्हटलं.

नर्स आली, हे कोण म्हणाली. सासूबाईंचा आवाज अजून नीट फुटत नाही, पण सगळ्या वॉर्डला ऐकू गेलं. म्हणाल्या, हा माझा जावई. मोठा चित्रकार आहे. माझ्या फोटोत होता, चित्रातून पळून गेला. मी डोळे उघडले तर इथेही नव्हता. म्हटलं, चित्र हुबेहूब काढलंय पोराने.

सगळा वॉर्ड हसला. टाके पडलेल्या बायकासुद्धा छाती धरून हसल्या. मीही हसलो. मग पाणी आणतो असं सांगून जिन्यात गेलो आणि तिथे बसून रडलो. पाण्याची बाटली भरलेली होती, हे मागून लक्षात आलं.