टाकीचं झाकण

३ मार्च

थर्मासच्या झाकणातली रबरी चकती हरवली आहे. प्रस्तुत प्रकरणी घरात कोणीही जबाबदारी घ्यायला तयार नाही. सकाळी सातला भरलेला चहा साडेनऊला कोमट, अकराला नुसतं तपकिरी पाणी. आठ वर्षं संस्कृत घोकलेल्या माणसाने असा चहा प्यावा, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. बायकोला जाब विचारला. तिने उलट विचारलं, “शेवटचा धुतला कोणी?” — मी. विषय संपला.

संपादकांनी नवं काम दिलं. गॅसच्या विहिरींवरून हवेत सुटणाऱ्या मिथेनला आवर घालायला नियामक मंडळ नियम आणतंय. चौदा तारखेला जनसुनावणी. “तुमचा धाकटा भाऊ तिथंच कामाला आहे ना? सोपं जाईल तुम्हाला.” म्हणजे अवघड जाणार.

५ मार्च

मंडळाच्या निरीक्षक बाईंबरोबर विहिरींवर गेलो. गॅसबरोबर थोडं तेल वर येतं, ते शेजारच्या टाकीत साठतं. टाकीवर हातभर रुंदीचं झाकण. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, वासही फारसा नाही. शास्त्रीबुवांनी लहानपणी पढवलं होतं — वायूला रूप नसतं, तो स्पर्शाने ओळखायचा. बाईंनी वायू दाखवणारा कॅमेरा डोळ्याला लावायला दिला आणि शास्त्रीबुवा निकालात निघाले. झाकणाच्या फटीतून काळा लोट, अखंड. “हवा तापवण्यात हा धुराड्यातल्या वायूच्या कैक पट पुढे,” बाई म्हणाल्या. “आणि बंदोबस्त काय? झाकण लावणं. बस.”

झाकणाखाली लाकडाची खुंटी अडकवलेली होती. आमच्या मोडक्या टेबलाचा पाय! धाकट्याने गेल्या वर्षी दाराला अडसर म्हणून मागून नेला होता.

बाईंना काही बोललो नाही.

६ मार्च

धाकट्याला जेवायला बोलावलं. पहिल्या घासालाच विचारलं.

“हो, मीच लावतो,” तो म्हणाला. “दादा, दिवसातून चार वेळा झाकण उघडून आत पट्टी सोडायची, तेल किती चढलं ते मोजायचं. घट्ट लावलेलं असलं की वाफ दाबून बसते आणि उघडताना भसकन तोंडावर येते. फट ठेवली तर तेवढा त्रास नाही.”

“म्हणजे तुझ्या नाकासाठी सगळ्या जगाने तापायचं?”

“जगाला वाकून मोजायला पाठव, मी लावतो झाकण.”

वहिनीसमोर जिंकला म्हणून खुशीत दोन वाट्या आमटी जास्त प्यायला. जाताना थर्मास हलवून पाहिला. “चकती आणून देतो. आमच्याकडे पिंपभर पडल्यात.”

८ मार्च

बातमी लिहून दिली. आकडे, कॅमेऱ्यातलं चित्र, बाईंचं म्हणणं. धाकट्याची तीन वाक्यं — पट्टी, दाबलेली वाफ, तोंडावर येणं — लिहिली होती. मग खोडली. नाव न घालताही कंपनीने ओळखलं असतं. त्या टाक्यांवर एकूण माणसं तीन, त्यांतला बोलका एकच.

भाऊ म्हणून हे करणं भागच होतं.

९ मार्च

पहिल्या पानावर. संपादकांनी स्वतः येऊन खांद्यावर थाप मारली. हा योग बारा वर्षांनी येतो.

१४ मार्च

सुनावणी. सभागृहात पंखे सहा, चालू दोन. कंपनीचे वकील माझी बातमी हातात घेऊन उभे. झाकणं बंद ठेवायला त्यांची ना नाही. पण झाकण न उघडता बाहेरूनच माप दाखवणारी यंत्रं जुन्या विहिरींवर बसवायला दोन वर्षं मुदत हवी. तोवर माप झाकण उघडून, हातानेच. अध्यक्षांनी विचारलं, मुदत दिल्याने कोणाचं काही बिघडतं का? बाईंना फक्त हवेत काय जातं ते मोजायचं होतं. त्यांनी मुदतीला मान डोलावली. मागच्या रांगेत धाकट्याने हात वर केला होता. “वेळ संपली. लेखी पाठवा.”

बाहेर आल्यावर मला म्हणाला, “तुझ्या बातमीत होतं ना ते वाफेचं? मग झालं तर.”

त्याने बातमी वाचलीच नव्हती. फक्त चित्र पाहिलं होतं.

मी ‘हं’ म्हणालो.

२१ मार्च

नियम लागू. पुन्हा बाईंबरोबर गेलो. झाकणं घट्ट, त्यांना कुलपं. कॅमेऱ्यात स्वच्छ आकाश. बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. चेहऱ्याला सवय दिसली नाही. नियम चांगला आहे. मनापासून लिहिलं तसं.

२३ मार्च

धाकटा येऊन गेला. चकती अगदी चपखल बसली. टेबलाचा पायही परत केला — “आता याचं तिथं काम नाही.” चहा नको म्हणाला. डोकं दुखतंय.

२६ मार्च

बायको म्हणाली, “अहो, त्या दिवशी भावोजींनी चपला घालताना दोनदा भिंत धरली. विचारलं तर म्हणे, उन्हाचं.” ऊन कसलं? सकाळी आठची वेळ.

त्याला फोन केला. बरेच आढेवेढे घेतले. मग — “दादा, पट्टी सोडताना एकदा पायाखालची शिडीच दिसेना. मिनिटभरच. होतं असं.”

खोडलेल्या वाक्यांचं त्याला सांगितलं. मग म्हणाला, “मग आता छाप. माझ्या नावाने छाप.”

२७ मार्च

छापायला दिलं. तिन्ही वाक्यं, वर त्याचं नाव. “उद्याचं पहिलं माप चुकव,” म्हणून सांगितलं, म्हणाला, “आकडा कोरा दिसला तर कंपनीचा फोन येतो.” नोकरी जाईल कदाचित, पण काळजी तिची नाही. अंक सकाळी सहाला निघतो. तो पाचला शिडी चढतो, एकटा. चहा आता दुपारपर्यंत गरम राहतो. मला भीती वाटते आहे.